एकाच प्रश्नाची मतपेढी

निवडणूक जवळ आली की देवालाही प्रचाराला जुंपले जाते. हे फक्त आपल्याकडेच घडते असे समजण्याचे कारण नाही. जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या अमेरिकेत हे काम जवळपास पन्नास वर्षे मोठ्या शिस्तीने चालले आहे. त्यासाठी याद्या केल्या जातात, पत्रके छापली जातात, कायद्यातल्या फटी शोधल्या जातात. चर्चमध्ये येणाऱ्या भाविकापुढे प्रश्न ठेवला जातो तो एकच: तुमचा उमेदवार गर्भपाताच्या विरोधात आहे की बाजूने? मजुरी, दवाखाना, शाळा, घर, वर्णद्वेष हे बाकीचे सारे प्रश्न या एका प्रश्नाखाली झाकले जातात. हे कसे घडले, कोणी घडवले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे चळवळीच्या वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजे. म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

नोव्हेंबर १९७८ ची गोष्ट. आयोवा हे मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे राज्य. तिथून डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर डिक क्लार्क पुन्हा उभे होते. जनमत चाचण्यांत ते पुढे होते. सिनेटच्या आफ्रिकाविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष आणि दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीचे कडवे टीकाकार. मतदानाआधीच्या रविवारी गर्भपातविरोधी कार्यकर्ते चर्चच्या, त्यातही मुख्यतः कॅथलिक चर्चच्या वाहनतळांवर पोचले आणि त्यांनी पत्रके वाटली. अमेरिकेत मतदान मंगळवारी होते. रविवारी प्रार्थना झाली, पत्रक घरी गेले आणि मंगळवारी क्लार्क पडले! रिपब्लिकन पक्षाचे रॉजर जेप्सन निवडून आले. क्लार्क यांनी वर्णभेदाविरुद्ध काय केले, शेतकऱ्यांसाठी काय केले, हे त्या पत्रकाने विचारलेच नव्हते.

वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या एका माणसाने या निकालाचा अर्थ बरोबर ओळखला. त्याचे नाव पॉल वायरिक. उजव्या राजकारणाचा हा कसलेला संघटक कित्येक वर्षे एका गोष्टीच्या शोधात होता. अमेरिकेतील कोट्यवधी इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट गोरे दर रविवारी चर्चला जातात, पण मतदार म्हणून एकगठ्ठा उभे राहत नाहीत. त्यांना उठवायचे कशाने? आयोवाने उत्तर दिले.

आता इथे वाचकांनी जरा थांबावे. कारण या सगळ्याची एक सोयीस्कर कहाणी प्रचलित आहे. ती अशी: २२ जानेवारी १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी गर्भपाताचा हक्क मान्य केला, धर्मनिष्ठ माणसांची मने दुखावली आणि ते राजकारणात उतरले. ऐकायला कहाणी सरळ आहे. पण तारखा तिला साथ देत नाहीत.

कॅथलिक चर्चचा गर्भपाताला विरोध जुना आणि सातत्याचा आहे. कॅथलिक बिशपांनी १९७५ मध्ये मतदारसंघनिहाय संघटना बांधण्याची लेखी योजनाही केली. पण इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांचे काय? त्यांची सर्वात मोठी संघटना म्हणजे सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन. तिने १९७१ मध्ये, म्हणजे न्यायालयाच्या निकालाच्या दोन वर्षे आधी, सेंट लुईस येथील अधिवेशनात ठराव केला. बलात्कार, जवळच्या नात्यातील अत्याचार, गर्भातील गंभीर व्यंग, एवढेच नव्हे तर आईच्या शारीरिक, मानसिक व भावनिक आरोग्याला धोका असेल तर गर्भपाताला परवानगी देणारा कायदा व्हावा, असे त्यात म्हटले होते. निकालानंतर १९७४ मध्येही हीच भूमिका तिने पुन्हा मान्य केली. गर्भपात हा कॅथलिकांचा प्रश्न आहे, असे बहुतेक बाप्टिस्ट त्या काळी मानत. प्रोटेस्टंटांत आधीपासून विरोध करणारे कोणीच नव्हते असे नाही. तसे होतेही. पण त्यांच्या मागे फौज नव्हती.

मग फौज उभी राहिली कशावर? उत्तर आहे शाळेवर. आणि हे उत्तर आपल्या वाचकांना फार लवकर कळेल.

१७ मे १९५४ रोजी 'ब्राउन' खटल्यात न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. दक्षिणेतल्या गोऱ्यांनी आधी टाळाटाळ केली. टाळणे अशक्य झाले तेव्हा त्यांनी मुले सरकारी शाळांतून काढली आणि खासगी शाळा काढल्या. मिसिसिपीतील होम्स काउंटीत सरकारी शाळांमध्ये गोरी मुले होती ७७१. काळी मुले शेजारी बसणार म्हणताच पहिल्या वर्षात उरली २८ आणि दुसऱ्या वर्षी शून्य! या नव्या खासगी शाळांपैकी पुष्कळ चर्चच्या आडोशाने चालत आणि त्यांना धर्मादाय संस्था म्हणून करमाफी मिळे. म्हणजे काळ्यांना दूर ठेवणाऱ्या शाळेचा बोजा सरकारी तिजोरी उचलत होती. होम्स काउंटीतील काळ्या पालकांनी १९६९ मध्ये कोर्टाची पायरी चढली. १९७१ च्या 'ग्रीन विरुद्ध कॉनली' निकालाने स्पष्ट केले की, वंशभेद करणारी शाळा धर्मादाय ठरत नाही आणि तिला करमाफी नाही.

दक्षिण कॅरोलायनातील बॉब जोन्स विद्यापीठ हे या लढाईचे मोठे ठाणे. १९७१ पर्यंत तिथे काळ्या विद्यार्थ्याला प्रवेशच नव्हता. पुढे काही काळ फक्त विवाहित काळ्यांना घेतले, कारण अविवाहित काळा मुलगा गोऱ्या मुलीच्या प्रेमात पडेल ही भीती! १९७५ नंतर प्रवेश खुला झाला, पण दोन वंशांच्या मुलामुलींनी एकत्र फिरण्यावर बंदी आली. आधार कशाचा, तर बायबलचा. कर खात्याने जानेवारी १९७६ मध्ये या विद्यापीठाची करमाफी काढून घेतली. १९७८ मध्ये खासगी शाळांसाठी नियम आणखी कडक करण्याचा प्रस्ताव आला आणि धर्मोपदेशकांत खळबळ माजली. बॉब जोन्सची बाजू सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी फेटाळली. तरीही तिथली ती बंदी उठायला २००० साल उजाडावे लागले.

पॉल वायरिकने पुढे स्वतःच सांगून टाकले आहे की, इव्हँजेलिकल पुढाऱ्यांना जागे केले ते गर्भपाताने नव्हे, तर शाळांच्या करमाफीवर आलेल्या गदेने. गर्भपात, अश्लील वाङ्मय, शाळेतील प्रार्थना हे सारे विषय त्याने आधी वापरून पाहिले होते. कोणी हलले नव्हते.

परंतु "आमच्या गोऱ्यांच्या शाळेची करमाफी वाचवा" अशी घोषणा देऊन देश जिंकता येत नाही. त्यात द्वेषाचा वास येतो. त्यासाठी दुसरी, पवित्र दिसणारी घोषणा हवी. निष्पाप, न बोलणारा, न जन्मलेला जीव! त्याच्या नावाने कोणीही उभे राहावे. तो मजुरी मागत नाही, मतदानाचा हक्क मागत नाही, शाळेत शेजारी येऊन बसत नाही. संघटकांची निवड किती अचूक होती पाहा.

जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाचे उदाहरण घ्या. मार्च १९६५ मध्ये डॉ. मार्टिन ल्युथर किंग सेल्मा येथे काळ्यांच्या मतदान हक्कासाठी पदयात्रा काढत होते, त्याच सुमारास फॉलवेल आपल्या चर्चमधून प्रवचन देत होता की, पाद्र्यांनी राजकारणात पडू नये, आत्म्यांचे कल्याण पाहावे. दोन वर्षांनी त्याने गावात शाळा काढली. स्थानिक वर्तमानपत्राने तिची ओळख गोऱ्या विद्यार्थ्यांची शाळा अशी करून दिली. आणि चौदा वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच फॉलवेलने वायरिकच्या साथीने 'मॉरल मेजॉरिटी' स्थापन केली आणि पाद्र्यांना सांगू लागला की, राजकारणात उतरा, लोकांची मतदार नोंदणी करा! काळ्या माणसाने मत मागितले तेव्हा धर्म राजकारणापासून दूर होता. गोऱ्या माणसाची सोय धोक्यात आली तेव्हा धर्माला राजकारण आठवले.

आम्ही इथे एक गोष्ट स्पष्ट करू इच्छितो. गर्भपात चूक आहे असे मनापासून मानणाऱ्या साध्या भाविकाची आम्ही टर उडवत नाही. चर्चच्या बाकावर बसलेली म्हातारी, दोन पाळ्या करून रविवारी लेकरांना घेऊन आलेला कामगार यांची श्रद्धा प्रामाणिक असू शकते. त्यांच्यापैकी कित्येकांनी अडलेल्या गरोदर मुलींना आसरा दिला आहे, हेही खरे. प्रश्न श्रद्धेचा नाही. ती श्रद्धा मोजून, गोळा करून, कोणाच्या दारात नेऊन टाकली गेली, हा प्रश्न आहे.

ते काम कसे चालते पाहा. १९५४ पासून अमेरिकेत असा कायदा आहे की, करमाफी घेणाऱ्या चर्चने किंवा धर्मादाय संस्थेने कोणा उमेदवाराचा प्रचार करू नये. म्हणून नाव न घेता नाव सांगण्याची कला विकसित झाली. पॅट रॉबर्टसन या टीव्हीवरच्या धर्मोपदेशकाने १९८९ मध्ये 'ख्रिश्चन कोअॅलिशन' स्थापली. राल्फ रीड हा तरुण तिचा कारभार पाही. या संघटनेने 'मतदार मार्गदर्शिका' नावाचे पत्रक कोट्यवधींच्या संख्येने छापले. एका कागदावर दोन उमेदवार, खाली प्रश्नांची यादी, समोर 'पाठिंबा' किंवा 'विरोध'. कोणाला मत द्या असे एक अक्षर नाही. मतदानाआधीच्या रविवारी हा कागद चर्चमध्ये पोचे. वाचणाऱ्याला काय करायचे ते कळे आणि कायद्याला काही सापडत नसे. उघडपणे बोलणारे क्वचित अडकले. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका चर्चने मतदानाच्या चार दिवस आधी मोठ्या वृत्तपत्रांत क्लिंटनविरोधी जाहिरात दिली आणि त्यांच्या गर्भपातविषयक भूमिकेचा हवाला देऊन त्यांना मत देणे पाप ठरेल असे सुचवले. त्या चर्चची करमाफी १९९५ मध्ये गेली. अशी कारवाई मात्र अगदी विरळा.

२००४ मध्ये तर बुश यांच्या प्रचारयंत्रणेने धार्मिक कार्यकर्त्यांना सांगितले की, आपापल्या चर्चच्या सभासदांची यादी आणून पक्षाच्या राज्य कार्यालयात द्या! प्रार्थनेसाठी दिलेला पत्ता पक्षाच्या कपाटात. हे सदर्न बाप्टिस्टांच्या रिचर्ड लँड यांच्यासारख्या बुशसमर्थक पुढाऱ्यालाही रुचले नाही. आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या कर खात्याने टेक्सासमधील एका खटल्यात भूमिका घेतली की, प्रार्थनेच्या वेळी चर्चने आपल्या भाविकांशी उमेदवाराबद्दल बोलणे म्हणजे प्रचार नव्हे. सत्तर वर्षे उभे असलेले कुंपण त्याच्या राखणदारानेच असे वाकवले.

एकच प्रश्न हाती दिला की मतदाराला बाकीचे दिसेनासे होते. उमेदवाराचे चारित्र्य, त्याचा इतिहास, त्याचा शब्द, काही दिसत नाही. १९८० मध्ये एका बाजूला जिमी कार्टर होते. रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे, गर्भपात वैयक्तिकरीत्या नापसंत असणारे, गरिबांच्या गर्भपाताला सरकारी पैसा देण्यास विरोध करणारे. दुसऱ्या बाजूला रोनाल्ड रेगन, ज्यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचे निर्बंध सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. पुढे त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला, एवढेच. संघटित चर्चने रेगन यांची पाठराखण केली. डोनाल्ड ट्रम्प यांनी १९९९ मध्ये टीव्हीवर आपण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे असल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये त्यांनी हव्या त्या न्यायाधीशांची यादी पुढे केली आणि दहातल्या आठ गोऱ्या इव्हँजेलिकलांनी त्यांना मत दिले. हा सौदा होता आणि दोन्ही बाजूंना तो ठाऊक होता. त्या सौद्याच्या पोटात श्रीमंतांची करकपातही होती, कामगार संघटनांचे खच्चीकरणही होते. पण पत्रकाच्या पहिल्या ओळीत ते कधी आले नाही.

आता त्याच देशातील दुसरे चर्च पाहा. काळ्यांचे चर्च. बायबल तेच, रविवार तोच, देव तोच. गर्भपाताबद्दल तिथल्याही अनेक भाविकांच्या मनात अस्वस्थता आहे. तरी तिथला भाविक मत देताना तेवढाच प्रश्न विचारत नाही. मतदानाचा हक्क शाबूत राहील का, पोलीस आमच्या पोरांना कसे वागवतील, दवाखाना परवडेल का, असेही तो विचारतो. गुलामगिरीतून आलेल्या समाजाला एका प्रश्नाची चैन परवडत नाही. या चर्चमधून रविवारी प्रार्थना झाल्यावर बसगाड्या भरून लोक लवकर मतदानाच्या केंद्रांवर जातात. या उपक्रमाला 'सोल्स टू द पोल्स' म्हणतात. आणि गंमत अशी की, चर्चमधून मतदान व्हावे म्हणून गळा काढणाऱ्या पक्षानेच फ्लोरिडात २०११ मध्ये कायदा करून मतदानाआधीच्या शेवटच्या रविवारचे लवकर मतदान बंद केले! गोऱ्या चर्चचा रविवार पवित्र, काळ्या चर्चचा रविवार अडचणीचा.

२०२२ मध्ये जॉर्जियात ही दोन्ही चर्च समोरासमोर आली. एकीकडे डॉ. किंग यांच्याच एबेनेझर बाप्टिस्ट चर्चचे पाद्री राफेल वॉरनॉक, जे निर्णय स्त्रीचा असे सांगत. दुसरीकडे माजी फुटबॉलपटू हर्शेल वॉकर, गर्भपाताचे कट्टर विरोधक. त्यांनीच आपल्याला गर्भपात करायला लावला, असा आरोप दोन स्त्रियांनी केला. वॉकर यांनी तो नाकारला. बहुसंख्य गोरे इव्हँजेलिकल तरीही वॉकर यांच्यामागेच राहिले. पाद्री समोर असताना चर्चने पाद्र्याला नाकारले! तरी ६ डिसेंबरच्या फेरमतदानात वॉरनॉक जिंकले.

सौद्याचे फळ त्याच वर्षी २४ जून रोजी हाती आले. ट्रम्प यांनी नेमलेल्या तीन न्यायाधीशांच्या बळावर सर्वोच्च न्यायालयाने 'डॉब्स' खटल्यात १९७३ चा निकाल उलटवला. हा खटला आला होता मिसिसिपीतून, तिथे उरलेल्या एकमेव गर्भपात केंद्रासंबंधी. ज्या राज्यात शाळांतून गोरी मुले शून्यावर आली होती, तेच हे राज्य. किंमत कोणी मोजली? विमानाचे तिकीट काढून दुसऱ्या राज्यात जाऊ शकणाऱ्या बाईने नाही. १९७६ च्या हाइड दुरुस्तीपासूनच गरीब बाईच्या गर्भपाताला केंद्राचा पैसा बंद आहे. २०२१ मध्ये, म्हणजे निकालाच्या आधीच, अमेरिकेत लाख जन्मांमागे गोऱ्या मातांचे मृत्यू होते २६.६ आणि काळ्या मातांचे ६९.९. ज्यांच्यासाठी बाळंतपणच जास्त जीवघेणे आहे, त्यांच्यावरच ते लादले गेले. न जन्मलेल्यासाठी गहिवरणाऱ्यांना जन्म देणारी दिसली नाही.

पण लोक मूर्ख नसतात. प्रश्न उमेदवारात गुंडाळून न देता सरळ विचारला, तेव्हा उत्तर वेगळे आले. २ ऑगस्ट २०२२ रोजी कॅन्ससमध्ये, जिथे रिपब्लिकनांचे वर्चस्व आहे, राज्यघटनेतील गर्भपाताचे संरक्षण काढावे का यावर मतदान झाले. कॅथलिक धर्मप्रांताने २० लाख डॉलरहून अधिक पैसा ओतला. चर्चच्या अंगणात फलक लागले. ५९ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटले! हे सगळे चर्चबाहेरचे लोक होते काय? मुळीच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिसुरीत सुमारे ५८ टक्के लोकांनी ट्रम्प यांना मत दिले आणि त्याच मतदानात जवळपास ५२ टक्के लोकांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला. म्हणजे बाकावर बसलेल्या बाईला आपल्या लेकीसुनेची अडचण कळते. मे २०२५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने हा कौल पुन्हा मतदानाला टाकण्याचे ठरवले. लोकांनी दिलेले उत्तर संघटकांना सोसले नाही.

आपल्याकडे या वाटेवर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने कुंपण घातले आहे. कलम १२३(३) प्रमाणे धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार आहे. मुंबईतील सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या प्रकरणात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, चार विरुद्ध तीन मतांनी, मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही त्यात येते असे ठरवले. अमेरिकेत कर खात्याने आपले कुंपण वाकवले, ते पाहता हे कलम कागदावरच पडून राहणार नाही हे पाहणे आपले काम आहे.

आणि स्त्रीच्या कुशीवर हक्क कोणाचा, हा प्रश्नही आपल्याला नवा नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटला भरला तेव्हा १९३४ मध्ये बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी मांडलेल्या संततिनियमनाच्या ठरावामागे बाबासाहेबच होते. त्या ठरावात बाईचे आरोग्य आणि तिच्या घरची गरिबी हे मुद्दे होते. ठराव फेटाळला गेला. पण प्रश्न कुठून पाहायचा, हे त्याने दाखवून दिले: बाळंत होणारीच्या बाजूने.

म्हणून वाचकहो, कोणी मतदानाच्या तोंडावर पवित्र प्रश्न घेऊन दारात आला, तर त्याला हाकलू नका. त्याला आत बसवा, पाणी द्या आणि विचारा: बाबा, या प्रश्नाखाली झाकलेले बाकीचे प्रश्न कोणते? पोराची शाळा कोणती, बाईचा दवाखाना कोणता, मजुरी किती? होम्स काउंटीतील काळ्या आईबापांनी एवढेच विचारले होते. त्यांच्या त्या एका अर्जाने महासत्तेतल्या भल्याभल्यांची झोप उडाली. प्रश्न विचारणाऱ्याचे मत कोणाच्या पेढीत जमा होत नाही.